छातीत दुखतंय: पट्ट्यावर चालायचं की सीटीत झोपायचं?

"टीएमटी नॉर्मल आली, म्हणजे ब्लॉकेज नाही." हे वाक्य सोलापुरात दवाखान्याच्या बाकड्यापासून नव्या पेठेतल्या दुकानापर्यंत कुठंही ऐकू येतं. (टीएमटी म्हणजे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी.) उलट्या बाजूचंही तितकंच चालतं: "सीटीत ४० टक्के ब्लॉक निघालाय, आता स्टेंट टाकावाच लागणार." (स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी.) दोन्ही वाक्यं चुकीची, आणि दोन्हींतली चूक एकच. एकाच प्रश्नाचं स्वस्त उत्तर म्हणजे टीएमटी आणि महाग उत्तर म्हणजे सीटी, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात प्रश्नच दोन आहेत. हृदयावर ताण आला की रक्त कमी पडतं का, हे टीएमटीसारखी स्ट्रेस टेस्ट बघते. रक्तवाहिनीच्या भिंतीत काय साचलंय, हे सीटी अँजिओ बघते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे लगेच पटेल: माग चालवून धागा तुटतो का बघणं वेगळं आणि माग थांबवून ताणा तपासणं वेगळं.

आधी एक गोष्ट. छातीत आत्ता, या क्षणी दडपण आहे, घाम फुटलाय, कळ हातात किंवा जबड्यात जातेय, तर या दोन्ही तपासण्या बाजूला ठेवा. गॅस धरलाय म्हणून सोडा पीत बसू नका. सिव्हिल असो की जवळचं कुठलंही हॉस्पिटल, थेट कॅज्युअल्टीत जा. तिथं दहा मिनिटांच्या आत ईसीजी आणि पाठोपाठ रक्तातली ट्रोपोनिन तपासणी (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का, हे सांगणारी) व्हायला हवी. खाली लिहिलंय ते जिना चढताना दुखतं आणि थांबलं की जातं, अशा दुखण्याबद्दल.

टीएमटीत छातीला इलेक्ट्रोड चिकटवतात, दंडाला बीपीचा पट्टा बांधतात आणि चालायला लावतात. बहुतेक ठिकाणी १९६३ सालची ब्रूस पद्धत वापरतात. दर ३ मिनिटांनी वेगही वाढतो, चढही वाढतो. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढाने होते. तिसऱ्या टप्प्यात वेग ताशी ५.५ किलोमीटर आणि चढ १४ टक्के होतो. २२० मधून वय वजा करायचं आणि त्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे. पन्नाशीच्या माणसाला हे साधारण १४५ पडतात. चालताना ईसीजीतला एसटी भाग (प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेघ) १ मिलिमीटर किंवा जास्त खाली गेला की टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. लोक रिपोर्टात फक्त तो शेवटचा शब्द वाचतात. माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे किती मिनिटं चाललात. दांडी घट्ट धरून चाललात तर तोही खोटा पडतो.

आता हिच्या मर्यादा. मोठा ब्लॉक खरोखर असलेल्या शंभर जणांपैकी ती सुमारे दोन तृतीयांश जणांनाच पकडते. बायकांमध्ये खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेतला अडथळा, रक्तवाहिनीतला नव्हे) किंवा पेसमेकर असेल तर तिचा उपयोगच नाही. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे विडी कामगार बाई. सूप मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं बसून पन्नाशीत गुडघे गेलेले असतात. पट्टा तिरका झाला की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला "बास, आता होत नाही" म्हणून उतरतात. ठोके ठरल्याइतके वाढलेच नाहीत तर त्या रिपोर्टाला नॉर्मल म्हणता येत नाही. ती टेस्ट अपुरी राहिली, एवढंच. अशांसाठी इंजेक्शन देऊन केलेली स्ट्रेस इको, न्यूक्लिअर स्कॅन किंवा सीटी हा रस्ता आहे. (नुसती २डी इको नव्हे. ती पंपिंग आणि झडपा दाखवते, ब्लॉकेज नाही.)

सीटी अँजिओत फक्त झोपायचं असतं. हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध जातं, अंगभर ऊब पसरते, लघवी झाली की काय असं वाटतं, आणि काही सेकंद श्वास रोखायचा. कॅथलॅबमधल्या अँजिओग्राफीसारखी नळी हृदयापर्यंत घालत नाहीत. ठोके साठीच्या आसपास आणायला आधी गोळी देतात आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. म्हणून दमा असेल किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेत असाल तर न लाजता सांगा. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासलेलं हवं. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना कोरड्या अंगाने जाऊ नका. किडनीमुळे पाण्यावर बंदी नसेल तर पाणी पिऊन जा.

हिची खरी ताकद 'नाही' म्हणण्यात आहे. सीटी स्वच्छ आली तर मोठा ब्लॉक नाही, हे ९५ टक्क्यांहून जास्त खात्रीने सांगता येतं. पण म्हाताऱ्या, मधुमेही माणसाच्या शिरांत कॅल्शियम फार असतं, आणि ते फोटोत आहे त्यापेक्षा फुगून दिसतं.

मग ४० टक्क्यांचं काय? साधारण ७० टक्क्यांपर्यंत वाट अरुंद झाल्याशिवाय चालताना रक्त कमी पडत नाही. म्हणून अशा माणसाची टीएमटी निगेटिव्ह येईल, आणि ती चुकीची नसेल. पण भिंतीत साचलेला हाच मऊ थर फुटला की त्यावर गुठळी होते आणि अटॅक येतो. स्टेंट नको, पण स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) हवी, तंबाखू बंद हवी, बीपी-शुगर ताब्यात हवी. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात (२०१८) नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिल्यावर ५ वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक येण्याचं प्रमाण ३.९ वरून २.३ टक्क्यांवर आलं. स्टेंट-बायपासची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. फरक पडला तो वेळेवर सुरू झालेल्या औषधांनी, असं मानलं जातं. मात्र उत्तर अमेरिकेतल्या १०,००३ जणांच्या प्रॉमिस अभ्यासात (२०१५) सुमारे दोन वर्षांत सीटी आणि स्ट्रेस टेस्ट सारख्याच ठरल्या. त्यामुळे सीटी महाग म्हणून श्रेष्ठ, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

२०२१ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना पासष्टीच्या आतल्या, आधी ब्लॉकेज न सापडलेल्या माणसासाठी सीटीकडे झुकतात, त्यापुढच्या वयात स्ट्रेस टेस्टकडे. स्टेंट आधीच असेल तर सहसा इमेजिंगसह (इको किंवा न्यूक्लिअर स्कॅन) स्ट्रेस टेस्ट बरी. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना टीएमटीचे ईसीजीचे सगळे कागद आणि सीटीची सीडी बरोबर न्या; नुसत्या टाइप केलेल्या पानावरून पुन्हा तीच तपासणी करायची वेळ येते.