आईला ओळख न देणारा स्वार

सैबेरियातल्या ओम्स्कच्या टपालठाण्यावर, म्हणजे वाटेत घोडे बदलायच्या ठिकाणी, एक व्यापारी थांबलेला असतो. गर्दीतून एक म्हातारी त्याला 'बाळा' म्हणून हाक मारते. तो तिच्याकडे बघतो आणि सांगतो, बाई, तुमची चूक होतेय. ती त्याची सख्खी आई असते. तो व्यापारी नसून झारचा जासूद, म्हणजे निरोप्या असतो, आणि अंगरख्यात दडवलेलं पत्र इर्कुत्स्कला झारच्या भावाच्या हाती पडेपर्यंत आपण कोण हे कुणालाही सांगायचं नाही, असा त्याला हुकूम असतो.

हा प्रसंग फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या 'मिशेल स्ट्रोगॉफ' या कादंबरीतला. ती १८७६ मध्ये आली. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे व्हर्न म्हटलं की आपल्याला पाणबुडी किंवा चंद्रावरची स्वारी आठवते. इथे असं कुठलंही अजब यंत्र नाही. मॉस्को ते इर्कुत्स्क, सुमारे साडेपाच हजार किलोमीटर, टेलिग्राफच्या तारा तोडलेल्या आणि वाटेत शत्रू. गंमत म्हणजे पुस्तकातला नायक बहुतेक वाट घोड्यावर नसतोच. आधी रेल्वे, मग व्होल्गेवरची आगबोट, मग तरांतास नावाची खडखडती घोडागाडी. भरधाव घोडदौड येते ती ओम्स्क सोडल्यानंतर. त्याला पक्का घोडेस्वार केला तो सिनेमाच्या पोस्टरांनी.

मध्य आशियातल्या बुखाऱ्याचा अमीर फेओफार सैबेरियावर चालून येतो आणि ओगारेफ हा बडतर्फ रशियन कर्नल सुडापायी त्याला मिळतो, असं कथानक. इतिहासात असलं काही घडलेलं नाही. घडलं ते नेमकं उलटं. रशियानेच १८६५ मध्ये ताश्कंद घेतलं, १८६८ मध्ये बुखाऱ्याला मांडलिक केलं, आणि कादंबरी आली त्याच वर्षी कोकंदची खानशाही खालसा केली. प्रकाशक हेत्झेलने मजकूर रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्हला दाखवला, तेव्हा त्यालाही ही स्वारी पटली नव्हती. शिवाय झारचा जासूद ज्या टपालठाण्यांच्या जोरावर धावतो, ती व्यवस्थाही रशियाने मंगोलांकडूनच उचललेली.

मग तो प्रसिद्ध प्रसंग. पकडलेल्या स्ट्रोगॉफच्या डोळ्यांसमोरून तापून पांढरी झालेली तलवार फिरवतात. तो आंधळा झाला असं सगळे धरून चालतात, पण शेवटी कळतं की आईकडे बघताना डोळ्यांत आलेल्या पाण्याची वाफ झाली आणि नजर वाचली. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब न जळता नाचत राहतात, त्याच तत्त्वावर बेतलेली ही युक्ती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हसावं अशी, पण कथेत चपखल: ज्या आईला त्याने नाकारलं, तिच्यासाठी आलेलं पाणीच त्याला वाचवतं.

१८८० मध्ये पॅरिसच्या शातले थिएटरात याचं नाटक आलं आणि तुफान चाललं. पुढे सिनेमे आले, आणि निष्ठांची ओढाताण पडद्यामागेही सुरू झाली. १९२६ च्या फ्रेंच मूकपटाचा दिग्दर्शक तुर्यान्स्की आणि नायक इव्हान मोझ्झुखिन दोघेही क्रांतीनंतर रशिया सोडून आलेले. ज्या झारचं राज्य बुडालं होतं त्याच्या जासुदाची गोष्ट त्यांनी लाटव्हियात जाऊन चित्रित केली. १९३६ च्या जर्मन आणि फ्रेंच आवृत्त्यांत नायक होता अडॉल्फ वोल्ब्रुक. त्याची आई ज्यू होती, आणि जर्मनीत तेव्हा नाझींची सत्ता होती. याच कथेच्या अमेरिकन आवृत्तीसाठी तो हॉलिवूडला गेला, 'अडॉल्फ' टाकून 'अँटन' झाला आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाला.

१९५६ चा रंगीत सिनेमा सर्वांत गाजला. त्यात कुर्ट युर्गेन्स होता, आणि सैबेरिया म्हणून दिसतो तो टिटोचा युगोस्लाव्हिया! साम्यवादी देशाने झारच्या माणसाला घोडे दौडवायला माळरान दिलं. पाच वर्षांनी त्याचा पुढचा भाग निघाला, नायक पुन्हा युर्गेन्स. दिग्दर्शनाला मात्र १९२६ चाच तुर्यान्स्की, आता सत्तरीचा.