मशीन पाणी दाखवत नाही हो

बोअरची जागा शोधायला नारळवाल्या पाणाड्यावर विश्वास नाही म्हणून मशीनवाला बोलावला आणि तो म्हणाला दीडशे फुटावर तीन इंची पाणी (म्हणजे तेवढी जाड धार), असं दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी सांगतंच. तर ऐका, असं इंच सांगणारं मशीन नसतं.

मशीनवाले करतात त्या रेझिस्टिव्हिटी सर्वेत एका रेषेत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोनमधून करंट सोडतात, आतल्या दोनवर व्होल्टेज मोजतात, मग बाहेरच्या सळया लांब लांब नेत जातात म्हणजे अजून खालचं कळतं. मशीनला कळतो फक्त जमिनीचा करंटला होणारा विरोध (तो मोजतात ओहम-मीटरमध्ये), पाणी नाही! आपल्याकडचा कोरडा काळा पाषाण हजार ओहम-मीटरच्या पण वर जातो, पाणी भरलेला मांजऱ्या (भोकाभोकांचा) किंवा कुजका खडक साधारण २० ते ५०. आता गंमत बघा, चिकणमाती किंवा दोन लाव्हा थरांमधली तांबडी गेरू माती पण असाच कमी आकडा देते, आणि तिच्यातनं विहिरीत थेंब येत नाही. खारं पाणी तर आकडा अजून खाली नेतं. म्हणून शेजारच्या विहिरीच्या कडा बघितल्याशिवाय, जुन्या बोअरला कोणत्या फुटावर काय लागलं ते विचारल्याशिवाय नुसता ग्राफ वाचणं म्हणजे अंदाजच.

आणि शंभर मीटर खालचं बघायचं तर बाहेरच्या सळयांची वायर काही शे मीटर पसरावी लागते, पाच मिनिटात बांधावर उभं राहून होत नाही. मशीनवाल्याला आधी एवढंच विचारा, वायर किती लांब टाकणार?