दुसऱ्यांदा कर्जबाजारी झाल्यावरचे कायदेशीर मार्ग (इंग्लंड व वेल्स)

कर्जातून एकदा सुटलेला, किंवा सुटण्याच्या वाटेवर असलेला माणूस पुन्हा थकबाकीत गेला, तर धनकोंना बांधून ठेवणारा कोणता तोडगा त्याला घेता येतो, याचे नियम इंग्लंड आणि वेल्सच्या नादारी कायद्यात आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे निराळे. मार्ग मुख्यतः तीन : डेट रिलीफ ऑर्डर म्हणजे डीआरओ (कर्जमाफीचा आदेश), इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट म्हणजे आयव्हीए (धनकोंशी केलेली कायदेशीर तडजोड), आणि दिवाळखोरी. पहिल्या खेपेला कर्ज किती, उत्पन्न किती आणि स्वतःचे घर आहे का, एवढ्यावर निवड होते. दुसऱ्या खेपेला मागचा मार्ग कोणता होता आणि त्याला किती वर्षे झाली, हेही पाहावे लागते.

पुन्हा कर्जात जाण्याची एक नेहमीची वाट अशी : तीन-चार क्रेडिट कार्डांची बाकी एक मोठे कर्ज काढून फेडायची, कार्डे मात्र चालूच ठेवायची. मग मोठ्या कर्जाचा हप्ता आणि कार्डांवरची नवी बाकी, दोन्ही एकदम अंगावर येतात. डेट मॅनेजमेंट प्लॅन कोलमडणे ही दुसरी वाट. या योजनेत दरमहा ठरावीक रक्कम धनकोंना वाटली जाते, पण ती अनौपचारिक असते. धनको व्याज थांबवतात ते स्वखुशीने आणि पुन्हा सुरूही करू शकतात. नोकरी गेली किंवा घरभाडे वाढले की हप्ता चुकतो आणि वसुलीची पत्रे परत सुरू होतात.

कमी उत्पन्न आणि घर नसलेल्यांसाठी डीआरओ 6 एप्रिल 2009 पासून सुरू झाली. तेव्हा कर्जाची मर्यादा 15,000 पौंड होती. जून 2024 पासून ती 50,000 पौंड आहे. मालमत्ता 2,000 पौंडांच्या आत हवी, गाडी 4,000 पौंडांपर्यंतची चालते आणि घरखर्च भागवून महिन्याला 75 पौंडांहून जास्त उरता कामा नये. पूर्वीचे 90 पौंडांचे शुल्क एप्रिल 2024 मध्ये रद्द झाले. अर्ज मान्यताप्राप्त सल्लागारामार्फतच करावा लागतो. बारा महिने धनको वसुली करू शकत नाहीत आणि त्यानंतर यादीतली कर्जे माफ होतात. मात्र मागील सहा वर्षांत डीआरओ झाली असेल तर दुसरी मिळत नाही. आदेशानंतर काढलेले कर्जही तिच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे डीआरओ संपून दोन-तीन वर्षांतच पुन्हा अडकलेल्या माणसाला तितक्याच गरिबीतही दुसरे दार शोधावे लागते.

दिवाळखोरीला असे किमान अंतर नाही. पूर्वी मात्र परिस्थिती कडक होती. 1986 च्या नादारी कायद्यानुसार, आधीच्या पंधरा वर्षांत दिवाळखोर राहिलेल्या माणसाची दुसऱ्यांदा आपोआप सुटका होत नसे. पाच वर्षे थांबून न्यायालयाकडे अर्ज करावा लागे. 2002 च्या एंटरप्राइझ कायद्याने ही तरतूद गेली. 1 एप्रिल 2004 पासून पहिल्या आणि दुसऱ्या दिवाळखोरीतून सुटका साधारणपणे एका वर्षातच होते. पहिल्या वेळची आठवण कायद्याने पुसलेली नाही, ती दुसरीकडे हलवली. बेफिकीर किंवा अप्रामाणिक वागणुकीसाठी 2 ते 15 वर्षांचे निर्बंध घालता येतात आणि ते ठरवताना मागील सहा वर्षांत माणूस दिवाळखोर होता का, हे न्यायालयाला पाहावेच लागते. अर्जाचा खर्च 680 पौंड, हीच अनेकांची खरी अडचण. घर असेल तर त्यातला वाटा दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या विश्वस्ताकडे जातो. उत्पन्नातून काही उरत असेल तर तीन वर्षांपर्यंत हप्ते द्यावे लागतात.

घर किंवा व्यवसाय वाचवायचा असलेल्यांसाठी आयव्हीए. केनेथ कॉर्क यांच्या समितीने 1982 च्या अहवालात अशा तडजोडीची शिफारस केली आणि 1986 च्या कायद्यात ती आली. परवानाधारक नादारी व्यावसायिक प्रस्ताव तयार करतो. मतदान करणाऱ्या धनकोंपैकी कर्जमूल्याच्या 75 टक्क्यांनी तो मान्य केला की विरोधात मत देणारेही बांधले जातात. मुदत बहुधा पाच-सहा वर्षांची. दुसरा आयव्हीए करायला कायद्याची आडकाठी नाही, पण पहिला मोडलेला असताना तेच धनको पुन्हा होकार देतील याचा भरवसा नसतो. पहिला मोडतो तेव्हा भरलेल्या हप्त्यांतला मोठा भाग व्यावसायिकाच्या शुल्कात गेलेला असू शकतो आणि मूळ कर्ज फारसे घटलेले नसते. उत्पन्न वर्षभरही स्थिर राहण्याची खात्री नसलेल्याने पुन्हा पाच वर्षांचा करार करणे शहाणपणाचे नाही. तरीही हाच मार्ग जाहिरातींत जास्त दिसतो. कर्जदाराला आयव्हीएकडे पाठवून दलाली मिळवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांच्या कमिशनवर वित्तीय नियामकाने 2023 मध्ये बंदी घातली, यावरून त्या बाजाराची कल्पना येते.

क्रमही महत्त्वाचा ठरतो. चालू आयव्हीएमध्ये असताना डीआरओ मिळत नाही. आयव्हीए आधी रीतसर संपुष्टात यावा लागतो. निर्णयासाठी उसंत हवी असेल तर मे 2021 पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ची, म्हणजे वसुली थांबवून ठेवणारी 60 दिवसांची मुदत आहे, पण बारा महिन्यांत एकदाच. न्यायालयीन दंड आणि मुलांच्या पोटगीची बाकी तिन्ही मार्गांनी सुटत नाही, विद्यार्थी कर्जही नाही. दुसऱ्या खेपेच्या कर्जात हीच रक्कम मोठी असेल तर या आदेशांचा उपयोग थोडाच. पतनोंदीवर प्रत्येक मार्गाची खूण सहा वर्षे राहते. स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थांकडे सल्ला मोफत मिळतो.

भारतात 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत डीआरओसारखी ‘नवी सुरुवात’ लिहिलेली आहे : वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत, कर्ज 35,000 रुपयांपर्यंत, आणि आधीच्या आदेशाला बारा महिने उलटलेले हवेत. मात्र संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. इतरांसाठी मुंबई शहरात 1909 चा आणि उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा, असे इंग्रजी अमदानीतले नादारी कायदेच उरतात.