पहिलीच्या आधी, बारावीनंतर : गोव्यात मुलांवरचा खर्च घरच्यांकडे कसा राहिला

गोव्यात मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत पहिलीत गेले की सरकारी तिजोरी त्याच्या पाठीशी उभी राहते. पाठ्यपुस्तके, गणवेश, पावसाळ्यात रेनकोट, माध्यान्ह आहारातले भाजी-पाव, अनुदानित शाळेच्या दारात येणारा बालरथ (मुलांची ने-आण करणारी बस) आणि मुख्य म्हणजे शिक्षकांचा पगार, यांतले फारसे काही पालकांच्या खिशातून जात नाही. पालक-शिक्षक संघाची वर्गणी आणि ट्यूशन सोडली तर बारावीपर्यंत शिक्षण स्वस्त आहे, हे बऱ्यापैकी खरे आहे. घराचे अंदाजपत्रक मोडते ते दोन टोकांना. एक म्हणजे सहा वर्षांच्या आतल्या मुलाला दिवसभर कोण सांभाळणार, आणि दुसरे म्हणजे बारावीनंतर व्यावसायिक शिक्षणाला पाठवायचे तर पैसे कुठून आणायचे. गेल्या साडेतीन दशकांतले सरकारी निर्णय पाहिले तर ही टोके उघडी का राहिली ते कळते.

पोर्तुगीज काळाबद्दल थोडक्यात. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती आणि १८५४ पासून लायसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा होती, पण ज्याला पोर्तुगीज येते त्याच्यासाठी. गावातल्या हिंदू मुलाची अक्षरओळख शेणयमामाच्या, म्हणजे गावच्या पंतोजीच्या शाळेत व्हायची. मामाचे मानधन वाड्यावरची घरे मिळून द्यायची, कधी रोख, कधी धान्य. पणजीत तर मूठमूठ तांदूळ बाजूला काढून मराठी शाळा चालवली गेली. मॅट्रिकच्या पुढे शिकायचे तर बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई. म्हणजे उच्च शिक्षण घेणे याचा अर्थच गोवा सोडणे असा होता. ज्यांचे नातेवाईक मुंबईत होते त्यांची मुले शिकली. इतरांची बहुतेक राहिली.

मुक्तीनंतर हे चित्र भराभर बदलले. साठच्या दशकात गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, १९६२ मध्ये पणजीत आणि मडगावात कॉलेजे सुरू झाली, १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आले. ही कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ १९८५ चे. घटक राज्य झाल्यावरच्या वर्षांत साखळी, केपे, खांडोळा, पेडणे अशी तालुक्यांतही सरकारी कॉलेजे पोहोचली.

मधल्या काळातली एक गोष्ट आज विसरली गेली आहे. १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन पेटले ते फीवरून नव्हे, बसच्या तिकिटावरून. गोव्यात तेव्हा सगळी बसवाहतूक खासगी होती आणि सत्तरी-काणकोणसारख्या दूरच्या तालुक्यांतल्या मुलाला कॉलेजच्या फीपेक्षा रोजचे जाणे-येणे जड जात होते. पन्नास टक्के सवलत ही त्या पोरांची मागणी. त्यांनी सरकारला घाम फोडला, सवलत पदरात पाडून घेतली, आणि १९८० मध्ये सरकारी वाहतूक महामंडळ आले. शिक्षणाचा खर्च म्हणजे फक्त फी नव्हे, हे गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून सांगितले होते. त्यानंतर शिक्षणखर्चाच्या प्रश्नावर इतकी मोठी एकजूट इथे दिसलेली नाही. पुढची भांडणे भाषेची झाली.

त्या भांडणांतले सर्वांत मोठे १९९० चे. सरकारने ठरवले की पहिली ते चौथीचे अनुदान फक्त मराठी आणि कोकणी माध्यमाच्या शाळांना मिळेल. इंग्रजी प्राथमिक चालवायची तर स्वतःच्या बळावर चालवा. पाचवीपासून मात्र इंग्रजी माध्यमालाही अनुदान होते. या निर्णयाची चर्चा आजवर संस्कृती, अस्मिता, बालमानसशास्त्र अशा अंगांनी झाली आहे, आणि मातृभाषेतून शिकण्याचा मुद्दा माझ्या मते बरोबरच होता. पण त्याची आर्थिक बाजू जवळजवळ कोणी मांडली नाही. अनुदान गेले की शिक्षकांचा पगार फीतून काढावा लागतो. म्हणजे एका रात्रीत राज्यातल्या पालकांचे दोन वर्ग झाले: मातृभाषेतून फुकट शिकवणारे आणि इंग्रजीसाठी पैसे मोजणारे. ज्याला परवडेल त्याने इंग्रजी घ्यावी, असा तो अलिखित अर्थ निघाला. निर्णय घेणाऱ्यांच्या मनात तो नसेल, पण गावागावांत तोच पोहोचला.

चर्चच्या संस्थांच्या बहुतेक शाळांनी पगार वाचवण्यासाठी प्राथमिक वर्ग कोकणी माध्यमात नेले. त्यांतल्या काहींचे कोकणी कागदावरच राहिले, असा आरोप पुढची वीस वर्षे होत राहिला. दुसरीकडे विनाअनुदानित इंग्रजी शाळा शहरांत वाढल्या. आणि या सगळ्याच्या खाली, कुणाचे लक्ष नसताना, केजी वाढली.

केजीला १९९० चा नियम लागूच नव्हता, कारण पूर्वप्राथमिकला कुठल्याच भाषेत अनुदान नव्हते. जिथे अनुदान नाही तिथे अटही नाही. त्यामुळे इंग्रजी केजी कोणीही काढू शकत होता: शाळेच्या आवारात, फ्लॅटच्या तळमजल्यावर, गावच्या पोर्चमध्ये. फी किती घ्यावी यावर बंधन नाही, शिकवणाऱ्या बाईला किती द्यावे यावर तर नाहीच. मोठ्या शाळांच्या आवारातल्या केजीला आणखी एक किंमत आली, कारण तिथे बसलेल्या मुलाला त्याच शाळेत पहिलीची जागा मिळणे सोपे जाई. पालक केजीची फी भरत ती अर्धी शिक्षणाची आणि अर्धी पुढच्या अनुदानित जागेची. सरकारी मराठी शाळांचा पट घसरत गेला त्यामागे हेही एक कारण आहे. तीन वर्षांचे मूल एकदा पैसे भरून इंग्रजी केजीत गेले की सहाव्या वर्षी ते गावच्या फुकट शाळेत परत येत नाही. मग त्या शाळा एकेक करून बंद पडल्या किंवा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या.

देशाच्या कायद्यानेही ही फट बुजवली नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. सहाच्या आतल्या मुलांसाठी मात्र राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच मार्गदर्शक तत्त्व राहिले. २०१० च्या एप्रिलपासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा याच रेषेवर उभा आहे.

२०११ मध्ये शाळा सुरू होता होता तत्कालीन सरकारने इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान द्यायचे ठरवले. माध्यम पालकांनी निवडावे, असे त्यामागचे सूत्र. राज्य ढवळून निघाले. भारतीय भाषांच्या बाजूने मोर्चे, सभा, बंद झाले आणि त्या रागाचा २०१२ च्या निवडणुकीवर परिणाम झाला, हे मान्य करायला आता कोणाची हरकत नसावी. नव्या सरकारने आधीचा निर्णय मागे घेतला खरा, पण चर्चच्या संस्थांच्या शंभराहून अधिक शाळांना इंग्रजीत जाऊनही अनुदान चालू ठेवले, विशेष बाब म्हणून. इतर संस्थांच्या इंग्रजी प्राथमिकला ते नाही. आंदोलकांना हा विश्वासघात वाटला आणि २०१६ मध्ये आंदोलनाची दुसरी फेरी झाली. दरम्यान २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या प्रकरणात सांगितले की प्राथमिक शाळेवर मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. अनुदान कोणाला द्यावे हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. परिणामी आज एकाच गावात एकाच माध्यमाच्या दोन शाळांपैकी एकीत पालक नाममात्र पैसे देतात आणि दुसरीत महिन्याचा मोठा हप्ता. हा फरक कशावर आधारलेला आहे, हे पालकाला पटेल असे कोणी सांगितलेले नाही.

या गदारोळात सांभाळण्याचा प्रश्न कोणाच्याच अजेंड्यावर नव्हता. राज्यात अंगणवाड्या बाराशेवर आहेत, पण त्या दुपारी सुटतात. प्राथमिक शाळाही साधारण साडेबारा-एकला सुटते. वेर्णे, कुंडईच्या कारखान्यात, हॉटेलात किंवा सरकारी कचेरीत काम करणारी आई संध्याकाळशिवाय घरी येत नाही. मधले पाच-सहा तास आधी आजीने भरून काढले. एकत्र घरे मोडली, तरुण जोडपी पर्वरी, फोंडा, मडगावच्या फ्लॅटमध्ये आली, तसे ते तास विकत घ्यावे लागले. पाळणाघर हा शब्द आपल्याकडे शहरातच ऐकू येतो. गावात त्याचे काम ‘ट्यूशन’ करते. दुसरीतल्या मुलाला तीन तासांची शिकवणी अभ्यासासाठी लागत नाही. ती लागते कारण बाईंच्या घरी ते सुरक्षित असते आणि संध्याकाळी आई वाटेत उचलून आणते. या खर्चाची नोंद शिक्षण म्हणून होते, म्हणून तो कुठल्याही आकडेवारीत सांभाळण्याचा खर्च म्हणून दिसत नाही.

सरकारने या काळात पैसे दिले नाहीत असे नाही. २०१२ पासून गृहिणीला महागाईसाठी दरमहा मदत आहे, ती एक हजारावरून १५०० रुपयांवर गेली. मुलीच्या नावे एक लाखाची योजना त्याच वर्षीची, मुळात लग्नाच्या खर्चाचा विचार करून आखलेली. वृद्धांना दरमहा पेन्शन त्याच्या आधीपासून आहे आणि बऱ्याच घरांत आजीची पेन्शन नातवाच्या केजीच्या फीत जाते, हे बँकेच्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. पैसा घरात येतो. पाळणाघर मात्र उभे राहत नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला, रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. गोव्यातली बहुतेक दुकाने, गेस्ट हाऊस, छोटे कारखाने या आकड्याच्या खाली राहतात. २०२२ नंतर केंद्राच्या योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आली आहे.

दुसऱ्या टोकाला गोष्ट थोडी वेगळी. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी.ला अनुदानित कॉलेजात आजही फी बेताची आहे. वैद्यकीयचे सरकारी महाविद्यालय एकच, तिथे जागा मिळाली तर घराचे भाग्य. पण १९९७ नंतर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, २००४ मध्ये सांकवाळला मोठ्या खासगी संस्थेचा कॅम्पस आला, २०१० मध्ये एनआयटी, २०१६ मध्ये आयआयटी. आयआयटीसाठी ठरवलेल्या मेळावलीच्या जमिनीवरून २०२१ च्या जानेवारीत झालेला संघर्ष सगळ्यांच्या लक्षात आहे. आयआयटीत स्थानिकांसाठी राखीव जागा नाहीत, हे मात्र त्या वादात फार थोड्यांनी विचारले. त्यातच गोव्याची स्वतःची सामायिक प्रवेश परीक्षा गेली: वैद्यकीयला नीट, पुढे अभियांत्रिकीला जेईई. देशभरच्या परीक्षेसाठी देशभरचे कोचिंग लागते, आणि अकरावी-बारावीची दोन स्वस्त वर्षे त्यामुळे महाग झाली.

राज्याची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आणि कमी उत्पन्नाच्या घरांसाठी फी परतावा हे इथले दोन आधार. कर्जाला जामीनदार लागतात. परतावा फीचा मिळतो, खोलीभाड्याचा नाही. बेळगाव, मंगळूर, मणिपाल किंवा पुण्याला मूल ठेवणाऱ्या घराला खोली आणि खाणावळ फीइतकीच जड जाते.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा शालेय रचनेत घेतला आहे. गोव्यात त्याची अंमलबजावणी २०२३-२४ पासून सुरू झाली आणि केजी चालवणाऱ्यांना पहिल्यांदा सरकारी चौकटीत यावे लागत आहे. पहिलीसाठी वय सहा पूर्ण हवे, या अटीमुळे काही मुलांचे केजीतले एक वर्ष वाढते. त्या वाढीव वर्षाची फी पालकच भरतात. पूर्वप्राथमिकला अनुदान देण्याचा निर्णय अजून झालेला नाही, आणि झाला तर तो कोणत्या माध्यमाला, हा प्रश्न पुन्हा १९९० पाशीच येऊन थांबेल.