केळं काळं का पडतं? आमच्या गाडीवाल्या आणि दुकानदार भावांसाठी

रामराम. दर हिवाळ्यात आमच्याकडे एकच तक्रार येते, काय भो, परवा नेला तेव्हा माल चांगला होता आणि आज राखाडी पडला, केळी पिकवायच्या चेंबरमध्ये काही गडबड झाली का? कधी कधी गडबड आमची असते, ते खाली सांगितलंय, पण बऱ्याचदा माल इथून बरा निघतो आणि रस्त्यात नाहीतर दुकानात बिघडतो, म्हणून हा कागद छापला. सावदा, फैजपूर, रावेर, यावल ह्या पट्ट्यात कितीतरी घरं केळीवर चालतात, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं, पण केळ्याच्या आत काय चालतं ते आपल्याला कोणी बसवून सांगत नाही.

पहिली गोष्ट, घड कापला तरी केळं मेलेलं नसतं. त्यात कोट्यवधी पेशी असतात आणि प्रत्येक पेशी श्वास घेते. पोरांच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचं चित्र असतं ना, चौकोनी, आत केंद्रक, तंतुकणिका, लवकं, रिक्तिका, ते चित्र एकदा बघून घ्या, आपल्या धंद्याचं सगळं त्यात आहे.

पेशीला बाहेरून एक पापुद्रा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात, आणि आतल्या बहुतेक खोल्यांनाही असेच पापुद्रे असतात. पापुद्रा इतका पातळ की एक मिलिमीटर जाडी करायला असे लाखावर थर लागतील. तो बनतो स्निग्ध पदार्थाचा, म्हणजे तेला-तुपाच्या जातीचा, त्याचे दोन थर पाठीला पाठ लावून बसलेले, आणि मध्ये मध्ये प्रथिनांची दारं, कोणत्या दारातून साखर जाणार, कोणत्या दारातून क्षार जाणार ते ठरलेलं. हा पापुद्रा तेलासारखा हलता राहिला तरच ही दारं नीट चालतात.

आता घरातलं बघा. डिसेंबरात तुपाचा डबा दगडासारखा होतो पण शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं, दोन्ही स्निग्धच, पण जात वेगळी. सफरचंद थंड मुलखातलं फळ, त्याचा पापुद्रा थंडीतही मऊ राहतो, म्हणून कोल्ड स्टोरेजला ते शून्य-एक डिग्रीवर महिनोन्‌महिने टिकतं. केळी उष्ण मुलखातली. १३ डिग्रीच्या खाली गेलं की तिचा पापुद्रा थिजायला लागतो, दारं अडकतात, जागोजागी गळती लागते, आणि एकदा चांगली गळती लागली की नंतर ऊब देऊनही ती बुजत नाही.

गळती लागल्यावर काळं का होतं ते भरताच्या वांग्यावरून कळेल. वांगं चिरून ताटात ठेवलं की थोड्या वेळात तपकिरी होतं. पेशीमध्ये रिक्तिका नावाची मोठी पाण्याची थैली असते, तिच्यात फिनॉल जातीचे तुरट पदार्थ भरलेले असतात, आणि त्यांना काळं करणारं विकर, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, ते लवक नावाच्या दुसऱ्या खोलीत वेगळं बसलेलं असतं. मधे पापुद्रे आहेत तोवर दोघांची गाठ पडत नाही. सुरीनं पापुद्रे फाटले, माल आपटून फाटले किंवा थंडीनं गळके झाले, तिन्हीत तेच, दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि काळपट रंग तयार होतो. केळी कापणाऱ्या माणसाच्या शर्टावर चिकाचे डाग बघा, कापताना चिक पाण्यासारखा दिसतो आणि मग असा काळा होतो की कशानं जात नाही, तीच गोष्ट.

आमची चूक सांगतो. एका जानेवारीत एका खोलीचा सेन्सर बिघडला, मशीन दोन रात्री चालतच राहिलं आणि आम्ही बाहेरच्या डिस्प्लेवर भरवसा ठेवून बसलो. तिसऱ्या दिवशी थर्मामीटरची सळई केळ्यात खुपसली तर गाभ्यात १० डिग्री. माल दिसायला हिरवागार होता, म्हणून वाटलं वाचलो. पण न सोलता केळ्याची वरची हिरवी साल नखानं हलकी खरवडली तर तिच्या लगेच खाली उभ्या बारीक तपकिरी रेघा. दोन दिवसांनी उबेला आणल्यावर सगळा माल राखेसारखा झाला, पिवळा रंग आलाच नाही, नुकसान आम्हीच भरलं. थंडीचा मार लगेच दिसत नाही, माल उबेत आल्यावर दिसतो, हे तेव्हा अंगावर आलं. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ गाभ्याचं तापमान वहीत लिहितो, ती वही तुम्ही कधीही मागून बघा.

ही रेघांची खूण तुम्हीही वापरा. जानेवारीत आपल्याकडे पारा १० च्या खाली जातो, तेव्हा शेतातच मार खाल्लेला माल येतो, त्याला कोणाच्याही चेंबरमध्ये रंग नीट येणार नाही. आम्ही गाडी उतरवतानाच दोन-चार केळी खरवडून बघतो आणि रेघा दिसल्या तर तुम्हाला आधी सांगतो, मग घ्यायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा.

पिकवताना काय होतं ते थोडक्यात. आम्ही इथिलीन सोडतो, तो वायू केळं स्वतःही बनवतं, तो पेशीपटलातून आरामात आत जातो आणि आतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पापुद्र्यांच्या जाळ्याच्या, पापुद्र्यावर त्याला ओळखणारी प्रथिनं बसलेली असतात, तिथून पिकायचा निरोप निघतो. शासनाच्या नियमाप्रमाणे १०० पीपीएमपर्यंतच, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. मग लवकांचं काम सुरू होतं. सालीतल्या हरितलवकांचं हिरवं मोडतं आणि आत आधीपासून असलेलं पिवळं उघडं पडतं. गरातल्या लवकांत पिठाचे दाणे असतात, कच्च्या गरात २० ते २५ टक्के पीठ, पिकल्यावर एक-दोन टक्के राहतं आणि बाकीची बहुतेक साखर होते. पोरांना घरी दाखवा, कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळीकाळी होते, पूर्ण पिकलेल्यावर तेवढी होत नाही. फळं झटपट पिकवायला काही जण वापरतात ती कार्बाइडची पूड आम्ही वापरत नाही, कायद्यानं बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो, आणि वरची साल पिवळी होऊनही आत कच्चं राहतं असा माल गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही.

ह्या वेळी तंतुकणिका जोरात चालतात, त्या पेशीच्या चुली म्हणा, म्हणून पिकता माल स्वतः गरम होतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. आम्ही त्यासाठीच चेंबरची दारं उघडून हवा बदलतो. तुम्ही मात्र मे महिन्यात टेम्पो ताडपत्रीनं गच्च बांधून दोन तास उन्हात उभा करता, तेव्हा आत भट्टी होते. जी नाईन (ग्रँड नैन) जातीची केळी २४-२५ डिग्रीच्या वर पिकली की हिरवे पापुद्रे पूर्ण मोडत नाहीत, गर मऊ होतो आणि साल हिरवटच राहते, मग तुम्ही म्हणता कच्चा माल दिला. उन्हाळ्यात कॅरेटच्या मधून हवा खेळू द्या आणि पहाटे न्या.

बर्फाच्या लादीवर केळी मांडू नका. कच्ची किंवा अर्धी पिकलेली फ्रिजात तर नकोच, ती पुढे धड पिकत नाहीत. पूर्ण पिकलेली घरी फ्रिजात ठेवली तर साल काळी पडते पण आतला गर दोन दिवस खायला चांगला राहतो, हे गिऱ्हाइकाला सांगा. तपकिरी ठिपके आलेली केळी सडलेली नसतात, पापुद्रे म्हातारे होऊन गळायला लागलेले असतात, तेव्हाच सगळ्यात गोड असतात, ती त्याच दिवशी काढा, भाव थोडा उतरवलात तरी चालेल. आणि कॅरेट आपटून टाकू नका, हळू खाली ठेवा, आज आपटलेलं उद्या दिसतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे पाचला माल उचलणार असाल तर माल झाकायला गाडीत जुनी गोधडी नाहीतर पोती घेऊन या, धुळे-नंदुरबारकडे जाणाऱ्यांनी तर नक्कीच. विसरलात तर आमच्याकडची न्या, पुढच्या खेपेला परत आणा.