डॉक्टरांशी इंग्रजीतच बोलावं लागतं का?

‘इंग्रजीत सांगितलं नाही तर डॉक्टरांना आजार नीट कळत नाही,’ असा समज अनेकदा ऐकू येतो. तसं नाही. निदानाची सुरुवात हकिकतीपासून होते: कुठं दुखतं, कधीपासून, कशानं वाढतं. छातीत जळजळतं की दाबल्यासारखं वाटतं, यावर पुढच्या तपासण्या ठरतात. हा फरक आपल्याच भाषेत नेमका सांगता येतो. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत मराठी-हिंदी रोज चालते. पुढच्या वेळी स्वतःच पडताळा: मराठीत सांगा, मग ‘तुम्हाला काय समजलं?’ असं डॉक्टरांनाच विचारा.

इंग्रजी जरूर शिका, विशेषतः रिपोर्टवरचे शब्द. फास्टिंग शुगर म्हणजे किमान ८ तास काही न खाता तपासलेली रक्तातली साखर; साधं पाणी चालतं. ॲलर्जी असलेल्या औषधाचं नाव मात्र लिहूनच न्या.