डार्क चॉकलेट, कोकोचे टरफल आणि दातांची कीड

कोकोच्या बिया आंबवून, वाळवून भाजल्या की त्यांचे पातळ टरफल काढून टाकले जाते आणि आतला गर दळून त्याचे चॉकलेट बनते. डार्क चॉकलेट दातांचे रक्षण करते, या अलीकडे वारंवार ऐकू येणाऱ्या दाव्याचा माग काढत गेल्यास आपण बऱ्याच अंशी या टाकून दिलेल्या टरफलापाशीच पोहोचतो.

दातांवर वस्ती करणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा जिवाणू साखरेचा दुहेरी उपयोग करतो. एकीकडे तो तिच्यापासून आम्ल तयार करतो, आणि दुसरीकडे एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ बनवतो, ज्याच्या आधाराने जिवाणूंचा थर दाताला घट्ट धरून राहतो. या थरातील सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. लाळेला तो पूर्ववत करण्यास अर्धा ते एक तास लागतो. जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांना २००० च्या सुमारास असे आढळले, की टरफलाचा अर्क ग्लुकान बनवणाऱ्या या विकराला रोखतो आणि उंदरांमधील कीड कमी करतो. गराच्या अर्कातही हा गुण होता, परंतु साखरेच्या प्रभावावर मात करण्याइतका तो प्रबळ ठरला नाही. चॉकलेट तर या गराचेच बनते! थिओब्रोमीन या कोकोतील द्रव्याने इनॅमल कठीण होते, असे काही प्रयोगांत दिसले खरे. मात्र तेथे ते द्रव्य साखरेपासून वेगळे केलेले होते.

वेष्टनावर ‘७० टक्के कोको’ असे लिहिलेले असते, तेव्हा उरलेला भाग जवळजवळ सगळा साखरेचाच असतो. म्हणजे २० ग्रॅमच्या तुकड्यात सुमारे ६ ग्रॅम, अर्थात दीड चमचा साखर. दूध-चॉकलेटच्या तुलनेत ती कमी आहे, पण जिवाणूंना पुरेशी आहे.

तरीही चॉकलेटच्या बाजूने एक मुद्दा उरतो. स्वीडनमधील लुंड येथील व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ नंतर मतिमंद रुग्णांना हेतुपुरस्सर गोड पदार्थ देऊन त्यांच्या दातांची तपासणी केली गेली. संमती देऊ न शकणाऱ्या माणसांवरील हे प्रयोग आज कोणत्याही निकषावर समर्थनीय ठरणार नाहीत. त्यांतून दिसले ते असे, की दोन जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणाऱ्यांमध्ये कीड सर्वाधिक वाढली. चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये ती त्या मानाने कमी होती. कोकोतील स्निग्धांश शरीराच्या तापमानाच्या किंचित खालीच वितळत असल्याने चॉकलेट टॉफीसारखे दातांच्या खाचांत रुतून बसत नाही.

त्यामुळे टक्केवारीपेक्षा खाण्याची वेळ अधिक निर्णायक ठरते. जेवणाबरोबर खाल्लेला तुकडा लाळेचा स्राव भरपूर असताना धुऊन जातो. तोच तुकडा दुपारभर थोडा थोडा चघळल्यास प्रत्येक घासागणिक आम्लाचा तास नव्याने सुरू होतो. सर्वांत गैरसोयीचा तुकडा दात घासून झाल्यावर, अंथरुणात पडून खाल्लेला, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबलेली असते.